सोबत : वरीलप्रमाणे

सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर मी सहा वर्षं बसले. टपालाची पिशवी उघडायची, पाकीट फोडायचं, पत्रावर आवक क्रमांकाचा शिक्का मारायचा, नोंदवहीत एक ओळ भरायची. हे काम मला शिकवणारे भाऊ पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पत्र नंतर वाच. आधी खाली डाव्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते बघ." तिथे लिहिलेलं असायचं, 'सोबत : वरीलप्रमाणे'. वरीलप्रमाणे जे म्हटलंय ते खरंच सोबत आलंय का, ते पानं मोजून बघायचं. आलं नसेल तर शिक्क्याशेजारी लाल शाईने 'सहपत्र प्राप्त नाही' असा शेरा मारायचा आणि खाली सही करायची. भाऊ त्या शेऱ्याच्या बाबतीत फार काटेकोर होते. दुपारी जेवणाचा डबा उघडलेला असला तरी तो बाजूला ठेवून ते माझ्या टेबलाशी येत आणि मोजलेली पानं पुन्हा मोजत.

त्याच पत्राच्या वरच्या अंगाला 'संदर्भ' असतो. शासन निर्णय असला तर तिथे 'वाचा' असं लिहून आधीच्या निर्णयांचे क्रमांक आणि दिनांक एकाखाली एक दिलेले असतात. ती कागदपत्रं पाकिटात नसतात. ज्याला हवी असतील त्याने आपल्या कपाटातली नस्ती काढायची आणि पताका लावलेलं पान उघडायचं. संदर्भात नुसता पत्ता असतो. सहपत्र म्हणजे ती वस्तूच. कार्यालयात नवीन आलेला शिपाईसुद्धा महिन्याभरात हे दोन्ही वेगळं ओळखायला लागतो.

मी मात्र वीस वर्षांच्या नोकरीनंतर संगणकावर हा फरक विसरले, आणि तोही आमच्या वाचनालयाच्या शताब्दीच्या कामात.

आमचं वाचनालय 'ब' वर्गाचं आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली जे अनुदान मिळतं त्यात आणि वर्गणीत ते चालतं. शंभर वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. समितीने मजकूर एकत्र करायचं काम माझ्याकडे दिलं, कारण दिवसभर वर्डमध्येच माझे हात असतात. चौतीस लेख, अकरा शुभेच्छा संदेश, जाहिराती, वर्गणीदारांची यादी आणि एक्केचाळीस फोटो. या सगळ्याची एकच फाइल करून जिल्ह्याच्या गावी छापखान्यात द्यायची होती.

काम सुरू करण्याआधी मी कपाटातून सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढली. ती खिळे जुळवून छापलेली. कुणी शाईच्या पेनाने लिहून दिलं असेल, कुणी बॉलपेनाने, कुणी वहीचं पान फाडून पाठपोट. पण प्रत्येक लेख कंपोझिटरच्या बोटांतून अक्षर-अक्षर पुढे गेला होता. त्यामुळे छापून आला तेव्हा सगळ्यांचा टाइप एक, समासही एक. आता लेख येतो तो आपले कपडे अंगावर घालून येतो. आकार, रंग, ओळींमधलं अंतर, कुणी हौसेने घातलेली फुलांची चौकट, सगळं त्याच्याबरोबर येतं.

बहुतेक जण काय करतात, तर एकेक फाइल उघडतात, माउसने ओढून सगळं निवडतात, कॉपी करतात आणि मोठ्या फाइलमध्ये चिकटवतात. मीही पहिले तीन लेख तसेच घेतले. दुसऱ्या लेखात शेवटची ओळ मागेच राहिली होती. त्या ओळीत लेखिकेने स्वतःचं नाव आणि माहेरचं गाव लिहिलं होतं. हे लक्षात आल्यावर मी ती पद्धत सोडली. वर्डमध्ये 'इन्सर्ट'च्या पट्टीवर उजवीकडे 'ऑब्जेक्ट' असं बटण आहे, त्याच्या बाजूच्या बारक्या बाणाखाली 'टेक्स्ट फ्रॉम फाइल' सापडतं. वर्डसारखाच लिबरऑफिस नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात तेच 'इन्सर्ट'च्या यादीत आहे. फाइल न उघडता, जिथे कर्सर आहे तिथे तिचा मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत उतरतो. काही निसटत नाही. आवक-जावकवर बसलेल्या माणसाला याचं किती बरं वाटतं म्हणून सांगू.

यातली एक गोष्ट मला फार आवडली. अक्षराचा आकार, ठळकपणा, ओळींमधलं अंतर हे सगळं एका नावाखाली ठरवून ठेवता येतं, त्याला स्टाइल म्हणतात. येणाऱ्या मजकुराला ज्या नावाची स्टाइल लावलेली आहे, त्याच नावाची स्टाइल आपल्या फाइलमध्ये आधीपासून असेल तर आपलीच चालते. पाहुण्याचा 'नॉर्मल' असो की 'हेडिंग वन', घरात शिरला की घरचं रूप घेतो. तळटीपाही आपोआप एका ओळीने पुढे मोजल्या जातात. ज्यांनी स्टाइल वापरून लिहिलं होतं त्यांचे लेख दोन मिनिटांत पानात बसले. असे लेख चौतिसांत चार होते. बाकीच्यांनी शीर्षक म्हणजे अक्षर मोठं करून ठळक केलं होतं आणि परिच्छेदाची सुरुवात स्पेसबार दाबून दाबून केली होती. हाताने दिलेलं हे रूप स्टाइलला जुमानत नाही. मजकूर निवडून कंट्रोल आणि स्पेस दाबलं की अक्षरांवरचं रूप उतरतं, कंट्रोल आणि क्यू दाबलं की परिच्छेदावरचं. पहिल्या दिवशी मी हे सरसकट केलं. मग दिसलं की एका काकूंनी आपल्या लेखात जिथे जिथे पुस्तकाचं नाव आलं तिथे ते ठळक केलं होतं, बावीस ठिकाणी, एकही न चुकता. मी ते सगळं एका फटक्यात पुसलं होतं. मूळ फाइल शेजारी उघडून बावीसही पुन्हा केले. त्यानंतर प्रत्येक लेख आधी वाचला आणि मगच त्याचे कपडे बदलले.

आठ लेख जुन्या फॉण्टांतले निघाले. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला स्वतःची जागा १९९१ पासून आहे, पण घरोघरच्या संगणकावर ती सहज वापरायला मिळाली ती विंडोज २००० आणि त्यानंतर. त्याआधी रोमन अक्षराच्याच जागेवर देवनागरी अक्षराचं चित्र बसवलेलं असे. फॉण्ट असेपर्यंत ती मराठी. फॉण्ट नसला की नुसते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे गठ्ठे. असे लेख आणण्याआधी रूपांतर करून घ्यावं लागतं, आणि रूपांतरात आपल्या मराठीचा एक खास अवयव दुखावतो. तो म्हणजे 'ऱ्या'मधला अर्धा र. 'पायऱ्या' असं लिहिलेलं असतं आणि बाहेर येतं 'पायर्या', म्हणजे 'आर्या'शी यमक जुळेल असं काहीतरी. हा अर्धा र लिहायच्या एका पद्धतीत र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. ते चिन्ह वाटेत कुठे गळलं की र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. 'ऱ' या स्वतंत्र अक्षराने लिहिलं तर असं होत नाही. मी आठही लेखांत 'पायर्या', 'दुसर्या', 'कोपर्यात', 'गोर्या', 'वार्याने' शोधून शोधून दुरुस्त केले. 'सूर्या' आणि 'आचार्या' मात्र तसेच राहायला हवे होते, म्हणून एकदम 'रिप्लेस ऑल' करता आलं नाही. एकेका शब्दाशी थांबावं लागलं. हे काम कंटाळवाणं आहे असं मला एकदाही वाटलं नाही. आपल्या भाषेचं अक्षर आपण सांभाळायचं नाही तर कुणी?

मग फोटो. चूक इथे झाली.

एक्केचाळीस फोटो आत घातले तेव्हा फाइल इतकी जड झाली की पान सरकवलं की संगणक विचार करत बसायचा. मेलने पाठवायची तर जीमेलची मर्यादा २५ एमबी. फोटो घालताना 'इन्सर्ट' या बटणाच्या कडेला एक बाण असतो, त्याखाली 'लिंक टू फाइल' असा पर्याय आहे. तो घेतला आणि फाइल एकदम हलकी झाली. पडद्यावर फोटो जसेच्या तसे दिसत होते. मी समाधानाने ती एकच फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि सकाळच्या एसटीने दोन तासांवरच्या छापखान्यात गेले.

तिथल्या मुलाने फाइल उघडली. जिथे जिथे फोटो तिथे रिकामी चौकट, चौकटीत लाल फुली, आणि इंग्रजीत सूचना की जोडलेलं चित्र दाखवता येत नाही, फाइल हलवली, नाव बदललं किंवा पुसली गेली असावी. तो खाली खाली सरकवत गेला. अध्यक्षांच्या जागी फुली. पहिल्या ग्रंथपालांच्या जागी फुली. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या आमच्या शिपाईमामांचा फोटो त्यांच्या मुलीने किती खटपटीने शोधून दिला होता, तिथेही फुली. माझ्या डोळ्यांसमोर भाऊंची लाल शाई आली. सहपत्र प्राप्त नाही. एक्केचाळीस वेळा.

मी फोटो आत घातलेच नव्हते. माझ्या घरच्या संगणकावर कोणत्या ड्राइव्हच्या कोणत्या फोल्डरात ते आहेत, एवढा पत्ता लिहिला होता. घरी पत्ता बरोबर होता म्हणून फोटो दिसत होते. छापखान्यात त्या पत्त्यावर कुणीच राहत नव्हतं.

मायक्रोसॉफ्टने १९९० मध्ये एका दस्तऐवजात दुसऱ्या प्रोग्रॅमची वस्तू ठेवायची जी सोय आणली, तिला ओएलई म्हणतात. 'ऑब्जेक्ट लिंकिंग अँड एम्बेडिंग'. म्हणजे वस्तू जोडणं आणि वस्तू आत बसवणं. दोन क्रिया नावातच वेगळ्या सांगितल्या आहेत, संदर्भ आणि सहपत्र. पडद्यावर मात्र दोन्हींचं रूप सारखं दिसतं, आणि माझी फसगत तिथेच झाली. कागदावर 'संदर्भ' वर असतो, 'सोबत' खाली असतं, नजर चुकत नाही. पडद्यावर बघायचं तर मुद्दाम आत शिरावं लागतं. वर्डमध्ये 'फाइल', मग 'इन्फो', तिथे उजवीकडे खाली 'एडिट लिंक्स टू फाइल्स'. ही ओळ दिसली म्हणजे फाइलमधलं काहीतरी अजून घराबाहेर आहे. तिथेच प्रत्येक फोटोसाठी 'सेव्ह पिक्चर इन डॉक्युमेंट' निवडता येतं. लिबरऑफिसमध्ये 'एडिट'च्या यादीत लिंक्स बघता येतात आणि तोडताही येतात. शिवाय लिबरऑफिस पत्ता सापेक्ष ठेवू शकतं, 'शेजारच्या फोल्डरात' अशा अर्थाने. तसा असला आणि फोल्डरसकट नेलं तर निभावतं.

जोडणं वाईट असं माझं म्हणणं नाही. कार्यालयात दरमहा प्रलंबित प्रकरणांचा गोषवारा जातो, त्यातला तक्ता मी एक्सेलला जोडूनच ठेवते. आकडे तिकडे बदलले की इकडे बदलतात. ती फाइल माझ्या टेबलावरच राहते. पण जे घराबाहेर पडणार, दुसऱ्याच्या हातात जाणार, आणखी पन्नास वर्षांनी कुणीतरी उघडणार, ते सगळं आत पाहिजे.

परतीच्या एसटीत मी ठरवलं की आता सगळं आतच घालायचं. त्या भरात दुसऱ्या टोकाची चूक होता होता राहिली. वर्गणीदारांची यादी एक्सेलमध्ये होती. नावांचा तेवढा तक्ता निवडून मी वर्कशीट ऑब्जेक्ट म्हणून स्मरणिकेत बसवला. छान दिसला. रात्री एक नाव दुरुस्त करायला त्यावर दोनदा टिचकी मारली आणि तक्त्याच्या खाली आणखी दोन शीट्सची नावं दिसली. एका शीटवर सगळ्यांचे फोन नंबर. दुसऱ्यावर कुणी किती कबूल केले, कुणी दिले, कुणाकडे बाकी आणि त्यापुढे खजिनदारांनी स्वतःपुरते लिहिलेले शेरे. मला हवी होती दीडशे नावं, आत गेलं होतं सगळं वर्कबुक. ही फाइल आम्ही वर्गणीदारांना मेलने पाठवणार होतो. गावातली माणसं, रोज एकमेकांसमोर येणारी. मी तो ऑब्जेक्ट काढला आणि नावं साध्या मजकुराच्या तक्त्यात पुन्हा चिकटवली. कार्यालयातही मी आता हे बघते. कुणी टिप्पणीत एक्सेलचा तक्ता बसवून आणला की आधी त्यावर दोनदा टिचकी मारते.

आपण आत काय घातलंय ते नीट बघायचं, या सवयीतूनच पुढची गोष्ट झाली.

आमच्या सरांचा लेख दोन पानी होता. सरांनी मला आठवी ते दहावी मराठी शिकवलं, वाचनालयाचे ते फार जुने सभासद. लेख जुन्या इमारतीबद्दल होता. रस्तारुंदीत ती पाडली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. सरांनी लिहिलं होतं : कौलारू छप्पर, पुढे लाकडी कठड्याची पडवी, चार पायऱ्या, आणि शेवटच्या पायरीवर चपला काढून आत जायचं. खाली एक वाक्य होतं, 'त्या वास्तूचे एकही छायाचित्र आज उपलब्ध नाही.' लेखाच्या डोक्यावर सरांचा पासपोर्टएवढा फोटो होता, तरुणपणीचा, काळ्या-पांढऱ्यात. दोन पानं मजकूर आणि एवढासा फोटो. आणि फाइल सात एमबीची.

हे मला खटकलं. फोटोवर टिचकी मारली, 'क्रॉप' दाबलं. सरांच्या चेहऱ्याच्या चहूबाजूंनी करडं, अंधुक, मोठंच्या मोठं चित्र उगवलं. वर्डमध्ये फोटो कापला तरी कापलेला भाग जात नाही, फक्त झाकला जातो. फोटो दाबून लहान करताना 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' निवडलं तरच जातो. खात्री करायला मी फाइलची एक प्रत काढली आणि नावाचं शेपूट बदलून झिप केलं. २००७ पासून वर्डच्या नव्या फाइली आतून झिपचा गठ्ठाच असतात. लिबरऑफिसच्या ओपन डॉक्युमेंट फाइलीही तशाच. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर, त्यात 'मीडिया', त्यात एकच चित्र.

ते उघडलं. सुवर्णमहोत्सवाच्या दिवशीचा समूहफोटो. पुढच्या ओळीत खुर्च्यांवर टोप्या घातलेले ज्येष्ठ, मागे उभी तरुण मंडळी, त्यात उजवीकडून तिसरे सर. आणि सगळ्यांच्या मागे, डावीकडून उजवीकडे पसरलेली जुनी इमारत. कौलं. कठड्याच्या लाकडावरची नक्षी. दारावरची पाटी, 'सार्वजनिक वाचनालय' वाचता येईल इतकी ठळक. एका बाजूला पायऱ्या, आणि पायऱ्यांवर चपलांचा ढीग.

मी किती वेळ बघत बसले ते आठवत नाही. घरात सगळे झोपले होते. नवऱ्याला उठवून दाखवलं.

सकाळी सरांना फोन केला. उलगडा साधा होता. नाशिकच्या पुतण्याकडे हा फोटो होता, त्याने तो स्कॅन करून सरांच्या नातवाला पाठवला. नातवाने थेट लेखात टाकला, आजोबांचा चेहरा ठेवून बाकी कापलं आणि पाठवून दिलं. पूर्ण फोटो सरांनी पाहिलाच नव्हता. नातवाला त्यातली इमारत कुठली ते ठाऊक असायचं कारण नव्हतं.

फोटो पानभर छापायचं ठरलं. स्कॅन चांगला होता. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आला असता तर वाटेत लहान झाला असता. फाइलच्या आत होता म्हणून जसा निघाला तसा पोचला. या वेळी मी तो आत घातला, 'एडिट लिंक्स'ची ओळ दिसत नाही ना ते बघितलं, फाइल दुसऱ्याच संगणकावर उघडून एक्केचाळीसचे बेचाळीस झालेले फोटो बोटाने मोजले आणि मग छापखान्यात गेले.

त्याआधी पानाची प्रिंट काढून सरांच्या घरी नेली. ते व्हरांड्यात बसले होते. चष्मा लावून त्यांनी पान जवळ धरलं, मग लांब धरलं. कुणाचं नाव घेतलं नाही, स्वतःला शोधलं नाही. बोट थेट इमारतीवर गेलं आणि कठड्यावरून सरकत खाली आलं. चपलांच्या ढिगापाशी ते बराच वेळ थांबलं.

"अगं," सर म्हणाले, "पाच आहेत."

"काय, सर?"

"पायऱ्या. मी चार लिहिल्यात. लेखात दुरुस्त कर. आणि ते खालचं शेवटचं वाक्यही काढ."

घरी येऊन मी फाइल उघडली. 'चार'चं 'पाच' केलं, शेवटचं वाक्य काढलं, आणि 'पायऱ्या'मधला र जागेवर आहे ना, ते पुन्हा एकदा बघितलं.